गच्चीसाठी रेडिएटिव्ह कोटिंग की चायना मोझॅक?

मुंबईत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना स्लॅब रात्री उशिरापर्यंत कसा धगधगतो ते माहीत आहे. आमच्या सोसायटीत ए विंगने गच्चीवर रेडिएटिव्ह कोटिंग, म्हणजे गारवा देणाऱ्या खास पांढऱ्या रंगाचा थर, करून घेतलं. आमच्या विंगसाठी मी चायना मोझॅकचा, म्हणजे चकचकीत पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवण्याचा, आग्रह धरला.

कोटिंगमागचं विज्ञान खरंच सुंदर आहे. ऊन परतवता परतवता ते स्लॅबची उष्णता ८ ते १३ मायक्रॉनच्या अवरक्त लहरींतून थेट आकाशात सोडतं, कारण या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक असते. पर्ड्यू विद्यापीठाचा बेरियम सल्फेटचा रंग तर ९८ टक्के ऊन परतवतो. पण हवेतली वाफ ही वाट अडवते. आपल्याकडे ती मोकळी असते हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री, जेव्हा गारव्याची गरजच नसते. मेच्या दमट हवेत मुख्य आधार उरतो तो पांढरेपणाचा.

माझं मत ठरलं ते तिथेच. पावसाळा संपला की ए विंगची गच्ची बघवत नाही. टाकीच्या ओव्हरफ्लोखाली आणि पाणी साचतं त्या कोपऱ्यांत हिरवं-काळं शेवाळ, बाकी सगळीकडे रस्त्याची काजळी आणि शेजारच्या बांधकामाची धूळ. खरखरीत थरात मळ मुरतो. हळू घासलं तर निघत नाही, जोर लावला तर थरच सुटतो. नेमक्या या राखाडी गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन पडतं. मग पुन्हा हात मारायचा का, पैसे कोण देणार, यावर दर मीटिंगमध्ये वाद.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांचीच गच्ची जास्त गार होती, हे मान्य. अनवाणी पायांना फरक लगेच कळायचा. पण आता आमची बाजू सरस वाटते. मोझॅक पाणी मारून खराट्याने घासलं की पुन्हा पांढरं होतं, सांधे तेवढे काळे राहतात. शिवाय तुकड्यांवरचं चकचकीत ग्लेजही उष्णता चांगली बाहेर टाकतं.

अहमदाबादसारख्या कोरड्या हवेत राहत असतो तर कदाचित कोटिंगच घेतलं असतं. पत्र्याच्या छपरालाही तेच बरं, तिथे मोझॅक बसवता येत नाही. मोझॅकचा आणि त्याखालच्या मालाचा भार बराच असतो, त्यामुळे जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. त्याने होकार दिला तर मी मोझॅककडेच झुकेन. फक्त तुकडे निव्वळ पांढरे हवेत, रंगीत तुकड्यांची भेसळ नको, हे कंत्राटदाराकडून आधीच लिहून घ्या.