पायांच्या हालचाली आपोआप मोजणारं सॉफ्टवेअर: वापरा, पण तपासून
स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या रात्रभराच्या तपासणीत, पायांच्या हालचालींची मोजणी सॉफ्टवेअरवर सोडायला हरकत नाही, पण आधी इलेक्ट्रोड (स्नायूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्या) नीट लागायला हवेत: नडगीलगतच्या पुढच्या स्नायूवर, दोन-तीन सेंटीमीटर अंतराने, दोन्ही पायांना वेगळे चॅनल. नियम सरळ आहे. एक हालचाल म्हणजे स्नायूच्या संकेतात विश्रांतीच्या पातळीपेक्षा किमान 8 मायक्रोव्होल्टची उसळी, 0.5 ते 10 सेकंद टिकणारी. अशा किमान चार सलग, 5 ते 90 सेकंदांच्या अंतराने आल्या की ती ठरावीक अंतराने होणाऱ्या हालचालींची मालिका धरतात. घोळ होतो तो विश्रांतीची पातळी ठरवताना. पहाटे इलेक्ट्रोड सुटत आला की रेषा जाड होते आणि खऱ्या हालचाली तिच्यात बुडतात. शिवाय अडलेला श्वास सुटतानाचा झटकाही मोजला जातो. म्हणून नोंदीतल्या अडलेल्या श्वासाच्या खुणा आधी तपासा, मगच मोजणी चालवा. नाहीतर रुग्णाला नको ते औषध सुरू व्हायचं.