हाब्सबर्गच्या वाटण्यांचं पोस्टर (नौपाडा, ठाणे): १५५६ पर्यंत झकास, १५६४ ला गंडलंय

नौपाड्यात नकाशे-तक्ते विकणारं एक छोटं दुकान आहे, तिथनं हाब्सबर्ग या युरोपातल्या राजघराण्याच्या वाटण्यांचं पोस्टर घेतलं, दोन बाय तीन फुटी, ४५० रुपये. निव्वळ हौस, घरी कोणाला यात काडीचा इंटरेस्ट नाही.

पाचवा चार्ल्स, म्हणजे स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट, त्याचा भाग भारी जमलाय. एरवी सगळीकडे काय, चार्ल्सने राज्य सोडलं, मुलगा आणि भावात वाटणी केली, विषय संपला. इथे १५२१-२२ चे वर्म्स आणि ब्रुसेल्सचे करार वेगळ्या बाणाने दाखवलेत, म्हणजे ऑस्ट्रियाकडचा वडिलोपार्जित मुलूख धाकट्या फर्डिनंडच्या नावावर तेव्हाच चढलेला. मग १५२६ ला मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा लुई मेला, आणि यांचं तर साटंलोटं होतं, लुईची बहीण फर्डिनंडला आणि फर्डिनंडची बहीण लुईला, त्यामुळे बोहेमिया (आताचं चेकिया साधारण) मिळालं आणि हंगेरीवर दावा लागला. तुर्कांनी गिळलेली हंगेरी रेघारेघांची केलीय, हे आवडलं. एवढं बघितलं की कळतं, १५५६ ला चार्ल्सने भावाला नवीन जमीन अशी दिलीच नाही, सम्राटपद तेवढं सोडलं, आणि तेही १५५८ ला इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या जर्मन सरदार-धर्मगुरूंनी मानल्यावर पक्कं झालं. मुलगा फिलिपला मात्र स्पेन, नेपल्स, सिसिली, मिलान, अमेरिकेतला मुलूख आणि वर नेदरलँड्स. ते नेदरलँड्स डोकेदुखी म्हणून स्पेनला जन्मभर पुरलं म्हणा.

आता बोंब. फर्डिनंड १५६४ ला गेला तेव्हा त्याच्या तीन पोरांत परत वाटणी झाली, आणि पोस्टरवर खाली सरळ एकच रेघ, थोरला मॅक्सिमिलियन! टिरोलचा दुसरा फर्डिनंड नाही, ग्राझचा चार्ल्स नाही (दोन्ही ऑस्ट्रियाकडच्याच वाटण्या). टिरोलवाल्याने फिलिपिने वेल्झर नावाच्या व्यापारी घरातल्या मुलीशी लग्न केलं म्हणून त्याच्या पोरांना वारसा मिळाला नाही, एवढा मसाला सोडून दिला, ठीक आहे, जागा नसेल. पण ग्राझ कसं सोडता? मॅक्सिमिलियनच्या पोरांचा वंश पुढे चालला नाही, १६१९ ला सम्राट झाला तो ग्राझच्या चार्ल्सचाच मुलगा, दुसरा फर्डिनंड (टिरोलवाला नव्हे, त्याचा पुतण्या), आणि या पोस्टरवर तो कोणाचा कोण कळतच नाही, मधेच उगवलाय. १७०० ला स्पेनची शाखा खुंटली ते आहे, १७१३ ची प्रॅग्मॅटिक सँक्शन, म्हणजे यापुढे वाटण्या बंद, मुलगी असली तरी सगळं एकत्रच राहणार, ती पण आहे, पण कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात.

प्रिंट चकचकीत आहे, ट्यूबलाइट पडली की अर्धा बोहेमिया दिसत नाही. मॅट मागा, पन्नास रुपये जास्त घेतात पण करून देतात. दुकानवाल्या काकांना ग्राझचं दाखवलं तर म्हणाले डिझाइन पुण्याहून येतं, कळवतो. माणूस चांगला आहे, गुंडाळीसाठी नळकांडं फुकट दिलं.

पाचपैकी तीन. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.