झेड-थ्री सॉल्व्हर: चार तारे, पण प्रश्न नीट विचारा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीसाठी हळदीच्या सौद्यांचं सॉफ्टवेअर करतोय. अटी सांगितल्या शेठ, दिवाणजी आणि तोलाईदार अशा तिघांनी, म्हणजे भांडण ठरलेलंच. ते कोड लिहायच्या आधी सापडावं म्हणून झेड-थ्री घेतला; दिलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येतील का, हे तपासून सांगणारा हा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लिओनार्दो द मोरा आणि निकोलाय ब्योर्नर यांनी केलेला हा सॉल्व्हर २०१५ पासून एमआयटी परवान्याखाली खुला आहे. पैसे शून्य, पायथॉनमध्ये पिप या आदेशाने बसतो.

तीन अटी बघा. सौदा झाला की त्याच दिवशी शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. वजनाशिवाय पट्टी काढायची नाही. संध्याकाळी पाचनंतरच्या सौद्याचं वजन दुसऱ्या दिवशी. कुठल्याही दोन घ्या, सुखाने नांदतात. तिन्ही एकत्र आल्या की उशिराचा शेतकरी लटकला.

गंमत पुढे आहे. तिन्ही घालून नुसतं ‘चेक’ म्हटलं तर झेड-थ्री खुशाल ‘सॅट’ म्हणतो, सगळं जुळतंय! खोटं बोलत नाही तो. पाचनंतर सौदाच झाला नाही असं धरलं की तिन्ही अटी पाळल्या जातातच. ‘जर’ घडलंच नाही तर अट मोडणार कशी? म्हणून ‘सौदा पाचनंतर झाला’ हे मुद्दाम गृहीत धरून पुन्हा विचारायचं; मग लगेच ‘अनसॅट’, म्हणजे जुळत नाही. प्रत्येक ‘जर’साठी हे करायला मी एक लूपच लिहून ठेवलंय.

जीव जडला तो ‘अनसॅट कोअर’वर. अटींना नावं देऊन ठेवली की कुठल्या अटी एकमेकींच्या मुळावर उठल्यात ते नावानिशी कळतं. कधी एखादी निरपराध अटही त्यात घुसते, तेव्हा ‘कोअर मिनिमाइज’ ही सेटिंग चालू करा.

तारा कापला तो गुणाकारासाठी. ठरलेली टक्केवारी चालते, पण वजन आणि दर दोन्ही अज्ञात पूर्णांक ठेवून गुणलेत तर ‘अननोन’ म्हणून हात वर करू शकतो. शिवाय ‘त्याच दिवशी’ म्हणजे रात्री बारापर्यंत की पेढी बंद होईपर्यंत, हे तुम्हीच ठरवून लिहायचं.

कोअरमध्ये आलेली तीन अटींची नावं शेठना दाखवली. दिवाणजी म्हणाले, “उशिराच्याला कच्ची पट्टी देऊ की.” शेठ म्हणाले, “कच्चंबिच्चं काही नको. उचल द्या, पट्टी उद्या.” पहिल्या अटीत ‘पाचच्या आतला सौदा’ एवढी भर घातली, लूप चालवलं, सॅट. आता हमाली-तोलाईच्या अटी घालायला घेतल्यात.