रिव्हॉल्व्हरची अदलाबदल आणि एकाच चिठ्ठीवरचे दोन व्यवहार

जुने रिव्हॉल्व्हर देऊन लहान आकाराचे नवे घेणे याला शस्त्रविक्रेते 'एक्स्चेंज' म्हणतात. प्रत्यक्षात ती एक विक्री असते आणि एक खरेदी असते, आणि ही दोन्ही एकाच चिठ्ठीवर मांडली गेली, की जुन्याला किती मिळाले आणि नव्याला किती मोजले हे विक्रेत्याखेरीज कोणालाच उमगत नाही. माझी फसवणूक याच फटीतून झाली. माझ्यासारखे परवानाधारक पुष्कळ आहेत, म्हणून ती तपशिलाने सांगतो.

माझ्याकडे वडिलांकडून वारसाहक्काने आलेले वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप), पाच इंची नळीचे रिव्हॉल्व्हर होते. वजन पाऊण किलोच्या आसपास. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत नेताना ते कमरेला लावले, की उन्हाळ्यात सुती शर्टाखाली लपत नसे, आणि शस्त्र चारचौघांना दिसणे हे परवानाधारकाला कधीच हितावह नसते. त्यामुळे कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचे 'निर्भीक' घ्यावे, असा विचार मनात होता. २०१४ मध्ये बाजारात आलेले हे टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे, तीन इंची नळीचे असून त्याची रचना वेब्लीच्याच वळणाची, म्हणजे मधोमध वाकवून उघडायची आणि काडतुसे भरायची अशी आहे. दोन्हींना काडतुसेही एकच लागतात. (.३२ बोअरच्या पिस्तुलाची काडतुसे मात्र वेगळी आणि आखूड असतात. बोअरचा आकडा पाहून दोन्ही एकच समजू नयेत.) हलके शस्त्र हाताला अधिक झटका देते आणि आखूड नळीमुळे नेम धरणे अवघड जाते, हे खरे, पण स्वसंरक्षणासाठी लागणाऱ्या अंतरापुरते ते चालण्यासारखे होते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत माझे शस्त्र विक्रेत्याकडे जमा होते. निकालानंतर ते परत घ्यायला गेलो, तेव्हा त्याने आपणहून विषय काढला. "साहेब, विदेशी माल आता सरकारजमा होणार आहे. नव्या कायद्यात तसं आलंय. पार्ट मिळत नाहीत, मिस्त्री हात लावत नाहीत. आज पस्तीस हजार देतो, पुढच्या वर्षी भंगारात जाईल."

हा सगळा बनाव होता, पण तो पूर्ण खोट्यावर उभा नव्हता, आणि तीच त्यातली मेख. शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली हे खरे. तिने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काच्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लावली. शस्त्र देशी की विदेशी, याच्याशी त्या दुरुस्तीचा संबंध नाही. माझ्याकडे बारा बोअरची एक बंदूक आणि हे रिव्हॉल्व्हर अशी दोनच शस्त्रे होती. उलट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद असल्याने देशात जी जुनी विदेशी शस्त्रे उरली आहेत, ती सुस्थितीत असतील तर त्यांना लाखांत किंमत येते. मी वेब्ली दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकतो म्हटल्यावर विक्रेत्याने कायद्यातील ४५ दिवसांची अट पुढे केली. ती अटही खरी आहे: जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून तेवढे दिवस थांबावे लागते. पण दीड महिना थांबण्याने लाखाचा फरक पडत असेल, तर थांबणे परवडते, हे तो सांगणार नव्हता.

शेवटी मी त्याचा भाव मान्य करून त्याच्याचकडून निर्भीक घ्यायचे ठरवले, आणि विक्री व खरेदी या दोन्हींची परवानगी रीतसर घेतली. व्यवहाराच्या दिवशी त्याने 'फरक भरला' असे लिहिलेली एक चिठ्ठी दिली. जीएसटीचे बिल मागितल्यावर "पोर्टल बंद आहे, घरी पाठवतो" असे उत्तर मिळाले. तेव्हा रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के कर होता. बिल टाळण्यामागे तेवढे कारण पुरेसे असावे, असे मला आधी वाटले होते.

खरे कारण घरी दिव्याखाली दिसले: नवे म्हणून दिलेले निर्भीक वापरलेले होते. रिकाम्या सिलिंडरवर (काडतुसे ठेवायच्या फिरत्या भागावर) चरे घासून एक पूर्ण वर्तुळ उमटले होते, मुठीच्या स्क्रूची खाच पेचकसाने चिरडलेली होती आणि घोडा चढवल्यावरही सिलिंडर किंचित हलत होता. कारखान्याच्या खोक्यावरील क्रमांक आणि फ्रेमवर, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला क्रमांक वेगळे होते. चिठ्ठीत फ्रेमचाच क्रमांक असल्याने परवान्यावरची नोंद सुदैवाने बरोबर ठरली. तसे नसते, तर परवान्यात नसलेले शस्त्र बाळगल्याचा गुन्हा माझ्यावर आला असता. विक्रेत्याला जाब विचारला, तेव्हा "एका गिऱ्हाइकाने परत केलेला पीस आहे, चाललेला नाही" एवढे त्याने कबूल केले. किंमत मात्र कोऱ्या मालाची लावली होती. माझे वेब्ली त्याने त्यानंतर दुसऱ्या जिल्ह्यातील परवानाधारकाला विकले. त्याला मिळालेला भाव मला एका ओळखीच्या विक्रेत्याकडून ऐकीव समजला, म्हणून आकडा लिहीत नाही. पस्तीस हजारांशी त्याचे काही नाते नव्हते.

असा बदल करायचा असेल, तर जुन्या शस्त्राचा भाव दुसऱ्या शहरातील किमान दोन विक्रेत्यांकडून लेखी घ्यावा, त्याची रक्कम बँक खात्यात जमा होऊ द्यावी आणि मगच नव्याची खरेदी वेगळ्या बिलावर करावी. खोके, फ्रेम, बिल आणि परवाना या चारही ठिकाणचा क्रमांक दुकानातच ताडून पाहावा. कायद्याचा हवाला दिला गेला, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत विचारावे. तिथे मला पाच मिनिटांत खुलासा मिळाला, पण तोपर्यंत सही झाली होती.

जुन्याच्या भावाबद्दल दाद मागणे कठीण आहे, कारण तो मी स्वीकारला असे कागद सांगतो. वापरलेला माल नवा म्हणून विकल्याची तक्रार मात्र मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि चिठ्ठी, खोके, छायाचित्रे व विक्रेत्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरील कबुलीचे संदेश मी अर्जासोबत जोडले आहेत. विक्रेत्याच्या नोंदवहीची तपासणी करावी, असा स्वतंत्र अर्ज परवाना प्राधिकरणाकडेही दिला असून त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही.