साधी काच की आपोआप काळी होणारी? वेल्डिंगचं सुरक्षा साहित्य निवडताना

टॅक (तुकडे जागेवर धरून ठेवणारे वेल्डिंगचे छोटे टाके) मारताना डोळे मिटून घेतले की झालं, असं मी बरीच वर्षं मानत होतो. एका संध्याकाळी असेच दहा-बारा टॅक मारले आणि रात्री जाग आली ती डोळ्यांत वाळू भरल्यासारखी. दिवा सहन होईना, पाणी थांबेना. डोळे मिटायला क्षणभर उशीर झाला तरी आर्कची (रॉड आणि धातू यांच्यामधल्या विजेच्या ठिणगीची) अतिनील किरणं आपलं काम करून जातात आणि त्रास सुरू होतो सहा-बारा तासांनी. त्यामुळे काम करताना काहीच कळत नाही. तेव्हापासून कुठलंही साहित्य घेताना मी आधी एवढंच विचारतो: कामाच्या कुठल्या क्षणी हे काढून ठेवावंसं वाटेल?

हातात धरायची ढाल इथेच मागे पडते. एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्यात ढाल, मग जॉब (जोडायचा तुकडा) धरायचा कशाने? साहजिकच टॅकच्या वेळी ती खाली ठेवली जाते. शेजारी उभं राहून काम बघणाऱ्याला ती ठीक आहे.

खरी निवड आहे साध्या, म्हणजे कायम काळ्या काचेचं हेल्मेट आणि काच आपोआप काळी होणारं ऑटो-डार्कनिंग हेल्मेट यांत. साध्या काचेत बिघडण्यासारखं काही नाही. बॅटरी नाही, सेन्सर नाही, काच फुटली तर बदलायची. पण तिचा नंबर (जितका मोठा तितकी काच काळी) एकच, आणि आर्क पेटेपर्यंत समोर अंधार. रॉड जागेवर टेकवायचा, मान झटकून हेल्मेट पाडायचं, तेवढ्यात रॉडचं टोक सरकतं. नवशिक्या मग हेल्मेट वर ठेवूनच आर्क पेटवतो.

ऑटो हेल्मेटची काच एरवी ३ किंवा ४ नंबरची असते, त्यामुळे सांधा आधीच दिसतो. आर्क पेटताच सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर ती काळी होते. ‘बॅटरी संपली तर डोळे गेले’ ही भीती बऱ्याच जणांना असते. प्रमाणित काचेत अतिनील आणि अवरक्त किरणं अडवणारा थर कायम काम करतो, काच उजळ असली तरी. तेव्हा त्रास होतो तो झगमगाटाचा, आणि काम तिथेच थांबवायचं. हा भरवसा प्रमाणित काचेचाच, बिनमार्क्याच्या मालाचा नाही. घेताना सेन्सर मोजा. पाइपाच्या आड वाकून काम असेल तर दोनपैकी एखादा झाकला जातो, चार असलेले बरे. कमी अँपिअरच्या टिगला (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) हलक्या प्रतीच्या हेल्मेटची काच मध्येच उजळते, तेही तपासा.

काच कोणतीही घ्या, नंबर चुकवू नका. रॉड वेल्डिंगला ६० ते १६० अँपिअरला किमान ८, सोयीचा १०. १६० ते २५० ला किमान १०, सोयीचा १२. गॅस वेल्डिंगची ४ ते ८ नंबरची काच आर्कला लावू नका.

टॅक जास्त असतील किंवा हात अजून बसला नसेल तर ऑटो घ्या. दिवसभर एकाच अँपिअरवर लांब जोड मारायचे असतील तर साधी काच उत्तम. दोन्हींच्या आत पारदर्शक चष्मा हवाच, कारण स्लॅग (जोडावरची कडक खपली) ठोकताना हेल्मेट वरच असतं.

हातमोज्यांचं सोपं आहे. रॉड आणि मिगला (मशिनमधून तार आपोआप येणारं वेल्डिंग) जाड कातडी, टिगला पातळ, बोटांना तार कळेल असे. जाड मोजे घालून टिग करणारा पाच मिनिटांत ते काढून टाकतो. कपडे सुती किंवा कातडी. सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटतं.

मास्ककडे सगळ्यात कमी लक्ष जातं. वेल्डिंगच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ मध्ये ठरवलं. एन-९५ हलका, हेल्मेटखाली सहज बसतो. थोड्या कामाला पुरतो. स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्डचं (जस्त चढवलेल्या पत्र्याचं) रोजचं काम असेल तर पी-१०० फिल्टरचा (एन-९५ पेक्षा जास्त धूर अडवणारा) रबरी अर्धा मास्क घ्या, पण हेल्मेट सोबत नेऊन घालून बघा. दाढी असेल तर दोन्ही कडेने गळतात. तिथे पंख्याने हवा देणारं सैल हूडचं हेल्मेट कामाचं. बंद टाकीत मात्र यातला एकही पुरेसा नाही. वेल्डिंगचा आर्गॉन वायू साठून ऑक्सिजन कमी झाला तर फिल्टर काही करू शकत नाही.

शेवटी कामाच्या जागी लावायच्या सूचनांच्या पाट्या. त्यांत नुसत्या अक्षरांपेक्षा चिन्ह असलेली घ्या, वाचता न येणाऱ्यालाही कळते. निळा गोल म्हणजे ‘हे घालाच’, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, तिरपी रेघ असलेला लाल गोल म्हणजे मनाई. कायमची ठोकलेली पाटी की उभी करायची घडीची? वेल्डिंगची जागा ठरलेली असेल तर पहिली. काम फिरतं असेल तर घडीची, आणि काम संपलं की उचलायची. काम नसतानाही उभी राहिलेली पाटी पुढे कोणी बघत नाही. ती आर्क दिसण्याआधीच्या वळणावर हवी, मशिनच्या डोक्यावर नको. येणाऱ्या-जाणाऱ्याचे डोळे मात्र वेल्डिंगचा पडदाच वाचवतो. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर आधी पडदा घ्या. पाटी फळीवर रंगवली तरी चालते.