वाचनालयातली दृष्टिहीनांसाठीची सोय: सहा-सात महिने वापरून झाल्यावर

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, नजर कडेकडेनं आत आत येत जाते, आता छापील पान भिंगातूनही लागत नाही. सांगलीतल्या आमच्या वाचनालयानं ही सोय सुरू केल्यापासून वापरतेय. मोबाईल आहे, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक आहे, मग वाचनालयात कशाला जायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथं एक कॉम्प्युटर आहे, त्यावर एनव्हीडीए, म्हणजे फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, मराठी वाचतो. स्कॅनर आहे, घरी न्यायला मिळणारे दोन डेझी प्लेयर, म्हणजे बोलकी पुस्तकं ऐकवणारी छोटी यंत्रं, आहेत, आणि सुगम्य पुस्तकालयाचा फॉर्म भरायला मदत करतात. सुगम्य पुस्तकालय म्हणजे केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांचं ऑनलाइन ग्रंथालय, ऑगस्ट 2016 पासून चालू आहे.

डेझी प्लेयर माझ्या फार आवडीचा. साध्या एमपीथ्रीत पुस्तक ऐकायचं म्हणजे काल कुठं थांबलो ते शोधण्यातच जीव जातो. यात प्रकरणावरून प्रकरणावर, मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, पान नंबर टाकून जाता येतं, खूण ठेवता येते, बंद करून चार दिवसांनी लावला तरी तिथूनच सुरू होतो. स्पीड वाढवला तरी आवाज चिरका होत नाही. बटणं मोठी नि उठावदार, स्वयंपाक करता करता चाचपून दाबता येतात. पण दोनच आहेत त्यामुळं नंबर लावायला लागतो, आणि परीक्षांच्या दिवसात तर मी स्वतःच मागत नाही, पोरांना लागतात.

आता खरं महत्त्वाचं. मशीन कुणीही विकत आणेल हो, सगळा खेळ स्कॅन केल्यावर ती फाइल कुणी नीट करतंय का यावर आहे. मराठीतली नवीन पुस्तकं ऑनलाइन पटकन मिळत नाहीत, त्यामुळं वाचनालयातलं पुस्तक स्कॅन करूनच घ्यावं लागतं. स्कॅन केलेल्या चित्रातली अक्षरं कॉम्प्युटर ओळखतो, त्याला ओसीआर म्हणतात, त्यात देवनागरीचे हाल होतात. घ चा ध होतो, भ चा म, ख चा र आणि व. डोळ्यानं वाचणारा माणूस ते मनात दुरुस्त करून पुढं जातो, मला मात्र आवाज ‘घर’च्या जागी ठणठणीतपणे ‘धर’ म्हणून सांगतो आणि वाक्य माझं मीच जुळवत बसायचं. बांधणीच्या बाजूचे शब्द अर्धे कापले जातात. प्रत्येक पानावरचं वरचं नाव नि पान नंबर वाक्याच्या मधोमध येऊन पडतात, तळटीप तर संवादात घुसते. कवितेचं विचारूच नका, ओळी एकमेकीत मिसळल्या की कविता उरत नाही.

आमच्याकडं एक निवृत्त शिक्षिका काकू आठवड्यातून काही दिवस येतात, त्या स्कॅन झालेली फाइल मूळ पुस्तकाशेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासतात, प्रकरणांना हेडिंग लावतात, वरची नावं काढून टाकतात. त्यांच्या हातून गेलेलं पुस्तक नि तसंच कच्चं दिलेलं पुस्तक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कच्चं पुस्तक मी दहा-पंधरा पानांत सोडते, त्यांनी तपासलेल्या कादंबऱ्या रात्री जागून संपवल्यात. म्हणून सांगते, कुठलंही वाचनालय ही सेवा सुरू करणार असेल तर पैशाच्या आधी अशी माणसं गोळा करा.

दुसरी भानगड जुन्या फॉन्टची. एका प्रकाशकाकडून पीडीएफ मिळाली म्हणून मी खूश झाले, उघडली तर एनव्हीडीए डब्ल्यू, स्लॅश, कंस असं काहीतरी बडबडायला लागलं. दिसायला ते मराठीच असतं पण आत अक्षरं इंग्रजीचीच, युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, नाहीत. मग ती पीडीएफसुद्धा चित्र समजून परत ओसीआर करावी लागते आणि परत काकूंची वाट बघावी लागते. प्रकाशकांनी युनिकोडमधली फाइल दिली तर केवढं काम वाचेल!

सुरवातीला ग्रंथपाल सर कॉपीराइटला घाबरत होते, पूर्ण पुस्तक कसं स्कॅन करू म्हणायचे. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(झेडबी) आलं, त्यात अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशा रूपात पुस्तक करायला मुभा आहे, फायदा कमवायचा नाही आणि प्रत फक्त अशाच वाचकांकडं जायला पाहिजे. त्यामुळं ती फाइल व्हॉट्सअपच्या ग्रुपवर फिरवायची नाही, हे माझ्यासारख्यांनीही पाळायला पाहिजे नाहीतर सगळ्यांचंच बंद होईल. पुढं 2014 मध्ये माराकेश करार, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, मंजूर करणारा पहिला देश भारतच, तो 30 सप्टेंबर 2016 पासून लागू झाला, त्यामुळं बाहेरच्या देशातल्या अशा प्रतींची देवाणघेवाणही होऊ शकते. हे सगळं सरांना दाखवल्यावर त्यांनी स्वतः वाचलं, कमिटीपुढं ठेवलं, आणि आता तेच इतरांना समजावून सांगतात. फार बरं वाटलं मला.

आणि ही सोय फक्त आंधळ्यांची नाही बरं का. हाताला कंप असल्यानं पुस्तक धरता येत नाही असे एक आजोबा येतात. आमच्या गल्लीतला नववीतला मुलगा डिस्लेक्सियाचा आहे, तो मोबाईलवर इझीरीडर नावाचं ॲप लावतो, वाचला जाणारा शब्द स्क्रीनवर रंगीत होत जातो, कान आणि डोळे दोन्ही लावून वाचतो पोरगं. माराकेश करारात हे सगळेच धरलेत. पण त्याच्या आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं, शाळेतसुद्धा.

कुरकुरही लिहिते. वेळ अकरा ते पाच, नोकरी करणाऱ्यानं जायचं कधी? दारात तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही, काठी टेकत चढावं लागतं. काकू काही पुस्तकं स्वतः वाचून रेकॉर्डही करतात, पण ते रस्त्याकडच्या खोलीत, त्यामुळं ऐन रंगात आलेल्या प्रसंगात हॉर्न वाजतो. स्क्रीन रीडरचा मराठी आवाज अजून यांत्रिकच, च आणि ज चे दोन उच्चार त्याला कळत नाहीत, सवय होते पण ललित लेखनाला माणसाचाच आवाज पाहिजे. म्हणून काकूंचं रेकॉर्डिंग हॉर्नसकट ऐकते.

संध्याकाळी सात पर्यंत उघडं ठेवा असा अर्ज आम्ही काही वाचकांनी दिलाय, उत्तर यायचंय. मिरज-कुपवाडहून कुणाला यायचं असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, दोन फोटो आणा. पुस्तक हवं असेल तर आधी फोन करून नाव सांगून ठेवा, स्कॅन करून तपासायला वेळ जातो. आणि ज्यांना दिसतंय, मराठी शुद्ध येतं आणि घरी कॉम्प्युटर आहे, त्यांनी काउंटरवर प्रूफ तपासायला नाव द्या, काकू एकट्या आहेत आणि तपासायची पुस्तकं कपाटभर पडलीत.