नव्या ॲडमिशनवाल्यांचा ‘ओपन डे’ : स्टेज सोडा, टेबलं गाठा

आमच्या पोरीला यंदा बीएस्सीला, पीएमसीएस म्हणजे फिजिक्स-मॅथ्स-कॉम्प्युटर सायन्स ग्रुपला ॲडमिशन मिळालं आणि विद्यापीठानं नवीन मुलांना पालकांसकट एक दिवस बोलावलं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. बेळगावात अशी जी मोठी आवारं आहेत त्यातलंच एक, आणि पोरीला अजून तीन वर्षं तिथं काढायची आहेत. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग बघायचं आणि पास, रीवर्क, रिजेक्ट ठरवायचं, हा धंदाच असल्यामुळं कार्यक्रमसुद्धा त्याच नजरेनं बघितला गेला. निकाल आधीच सांगतो: पास. पण स्टेजवरचं सगळं रीवर्कला.

पत्रिकेत दहाची वेळ होती. पाहुणे आले तेव्हा सुरू झालं. स्वागत, शाल, हार, रोपट्याला पाणी, मग भाषणं. संस्थेचा इतिहास तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितला आणि तिघांनीही पहिल्यापासून सांगितला. भाषणं कन्नडात आणि इंग्रजीत. मला कन्नड येतं, कारखान्यात निम्मा दिवस कन्नडातच जातो. पण शेजारी चंदगडहून आलेल्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांच्यापुढं दोन्ही भाषा सारख्याच. मी थोडं थोडं सांगत राहिलो. सांगण्यासारखं फार नव्हतंच, हे एक बरं झालं.

स्टेजवरची कामाची गोष्ट एकच, रॅगिंगबद्दलची, आणि ती अगदी शेवटी, लोक उठायला लागल्यावर उरकली. यूजीसीचा २००९ चा नियम आहे: दरवर्षी मुलानं आणि पालकानं दोघांनीही ऑनलाइन हमीपत्र भरायचं. तक्रारीचा फोन चोवीस तास चालू असतो, १८००-१८०-५५२२. पडद्यावर हा नंबर एवढ्या बारीक अक्षरात होता की पहिल्या दोन रांगांनाच दिसला असेल. आणि त्या दोन रांगांत सगळे प्राध्यापक बसलेले.

आता खरा ओपन डे. हॉलच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं. एखादा क्लार्क मागं खुर्ची टाकून बसलेला, पण बोलत होती मुलंच. तुम्ही तोंड उघडलं की ती तुमच्या भाषेत वळतात. मराठी, कन्नड, हिंदी, काही कुरकुर नाही. स्टेजला जे दोन तासांत जमलं नाही ते इथं दहा मिनिटांत झालं.

सगळ्यात मोठी गर्दी स्कॉलरशिपच्या टेबलाला. तिथं एक खानापूरकडची पोरगी होती, पाठ केल्यासारखं न बोलता एकेकाचे कागद बघून सांगत होती. “काका, आरडी नंबर हाय काय? तो न्हाई तर फॉर्म पुढं जातच न्हाई बघा.” आरडी नंबर म्हणजे नाडकचेरीतून, म्हणजे गावाकडच्या महसूल कचेरीतून, मिळणाऱ्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा नंबर. एसएसपी, म्हणजे कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर तोच टाकायचा असतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाच वर्षं, म्हणजे पोरगं सातवीत असताना काढलेला दाखला आता चालत नाही, हे पुष्कळ पालकांना तिथंच कळलं. दुसरं तिनं सांगितलं ते बँकेचं. खातं असून भागत नाही, ते आधारला जोडलेलं पाहिजे, पैसे आधारवरूनच येतात. “आमच्या वर्षाला कोण सांगितलंच न्हाई ओ. माझे पैसे वर्षभर लटकून ऱ्हायले.” विद्यासिरी या सरकारी योजनेचीही माहिती तिनंच दिली: मागासवर्गातल्या मुलांना, सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर, राहण्या-जेवणासाठी महिन्याला ठरावीक रक्कम, वर्षाला दहा महिने. बेळगावात त्यात खोली येत नाही, पण मेसचा काही भार हलका होतो.

बसच्या टेबलावर सीमाभाग म्हणजे काय ते समोरच बघायला मिळालं. आमच्या पोरीला पासची गरजच नाही. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, आधार दाखवलं की झालं. मुलग्यांना पास, त्याचा अर्ज सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर. आणि त्या चंदगडच्या मावशींची मुलगी? तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता. कर्नाटकाच्या बसला तिला शक्ती नाही, पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आहे, म्हणजे जमेल तेवढं एसटीनंच यायचं आणि तिच्या वेळेवर आपलं कॉलेज बसवायचं. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन पोरी. टेबलावरच्या पोरानं हे लपवलं नाही, सरळ सांगितलं आणि एसटीच्या वेळा स्वतःच्या वहीतून काढून दिल्या. त्याला माझे पाचापैकी पाच.

चार वर्षांची डिग्री की तीन, हा गोंधळही इथंच मिटला. आमच्या पुतण्यानं २०२१ ला ॲडमिशन घेतलं तेव्हा नवीन शिक्षण धोरण लागू झालं होतं आणि घरात सगळे ‘चार वर्षं, चार वर्षं’ करत होते. कर्नाटक सरकारनं २०२४ पासून परत तीन वर्षांचं केलं. ही एक ओळ स्टेजवरून सांगितली असती तर निम्मी रांग कमी झाली असती.

भाषेच्या टेबलावर मात्र गाडी अडली. डिग्रीला दोन भाषा घ्यायच्या. आमची पोरगी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकली, तिला इंग्रजीबरोबर मराठी हवी. यादीत मराठी आहे. पण वर्ग कधी आणि कोण घेणार, विचारलं तर उत्तर “मुलं किती होतात ते बघून.” मग नाव लिहून घ्या म्हटलं, तर वही नाही. शेवटी पोरीनंच स्वतःच्या वहीचं पान फाडून नावं लिहायला सुरुवात केली आणि तिच्यामागं लगेच रांग लागली. ते पान क्लार्कसाहेबांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. ऑफिसच्या फायलीत गेलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

विभागांची फेरी ठीकठाक. फिजिक्सची लॅब स्वच्छ. उपकरणं जुनी असली तरी चालू होती, मी मापं घ्यायचे दोन व्हर्नियर हातात घेऊन बघितले, शून्य बरोबर होतं. कॉम्प्युटर लॅब नुसती दारातून दाखवली, आत सोडलं नाही, म्हणजे काय समजायचं ते समजलो. लायब्ररी चांगली. पेपरांच्या स्टँडवर कन्नड पेपरांच्या शेजारी तरुण भारत होता. १९१९ पासून निघणारा बेळगावचा पेपर इथं नसता तर मी बोललोच असतो.

खाण्याचं: सकाळी उप्पीट-शिरा, गरम, शिऱ्यात तूप दिसत होतं. दुपारची कुपनं फक्त मुलांना. पालकांनी कँटीनला जायचं, तिथं पलाव सव्वाला संपला. बाहेर पावसाची झड, गेटपर्यंत छपरं नाहीत, म्हातारी माणसं व्हरांड्यात ताटकळत उभी. एवढ्या लोकांना बोलावता तर त्यांच्या जेवणाचं काय करायचं ते आधी कळवा, आम्ही डबा आणू.

आणि फीचं काउंटर. “आज इथंच फरकाची रक्कम भरता येईल” असं पत्रात छापलेलं, प्रत्यक्षात सर्व्हर बंद. आमचं राहू दे, मजगावाहून परत यायला मला अर्धा तास लागत नाही. चंदगड, बैलहोंगल, निपाणीकडून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्यांनी काय करायचं? कोणी बाहेर येऊन नीट सांगितलंही नाही, काचेवर कागद चिकटवला, तोही नुसता कन्नडात.

पाचापैकी साडेतीन. यातले तीन त्या टेबलावरच्या पोरांचे.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी साडेदहापर्यंत स्टेजकडं फिरकू नये, थेट कॉरिडॉरमध्ये जावं, पोरं आधीपासून बसलेली असतात. दाखले, आधार आणि पासबुक यांच्या झेरॉक्स घरूनच काढून न्या. गेटसमोर एकच मशीन आहे आणि करंट गेला की तेही बंद.